काही निघालं नाही

रक्तात काही निघालं नाही,
म्हणाले डॉक्टर किन्तास, आणि कागद माझ्याकडे वळवला,
ही आनंदाचीच बातमी असल्यासारखा.
छातीच्या फोटोत काही निघालं नाही.
पोटात नळी घातली, तिथंही नाही.
एलादिओ शेजारच्या खुर्चीत, टोपी गुडघ्यावर.
बुरेलाच्या बंदरात तीस वर्षं जाळी ओढलेला माणूस,
काही निघालं नाही म्हणजे काय
हे त्याला दोनदा सांगावं लागत नाही.

पहिल्या खेपेला गॅस.
दुसऱ्या खेपेला वय.
तिसऱ्या खेपेला मला बाहेर बोलावून विचारलं,
घेतो का?
घेतो, म्हटलं. आधी घेत नव्हता.
त्यांनी पहिला शब्द तेवढा लिहून घेतला.

मी कसं सांगू, कुठल्या रकान्यात बसेल ते,
की वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरू लागलं
की तो जिन्यावर जाऊन बसतो, बूट घालून;
की आता कपडे मी बहिणीकडे धुते;
की आमच्या घरात बादली हा शब्द कुणी काढत नाही,
आणि का, ते लेकीनंही विचारलेलं नाही;
की तो आडवा होत नाही, स्वयंपाकघरात खुर्चीवर,
दाराकडे तोंड करून झोपतो, झोपला तर;
की शुर्शोची आई समोरून आली की रस्ता ओलांडतो,
आणि ती बिचारी दर रविवारी
त्याच्यासाठी अंडी ठेवून जाते आमच्या उंबऱ्यावर.

सात मिनिटं मिळतात.
पाच त्याला तोंड उघडायला लागतात,
आणि उघडलं की म्हणतो: पोट.
कारण पोट दाखवता येतं.

मग मी लिलावाच्या पावत्या काढल्या.
एकवीस वर्षं मी लिलावघरात मासे तोलते.
शब्दावर माणसं भांडतात, आकड्याखाली सही करतात,
एवढं मला तिथं कळलं.
पावतीच्या पाठीवर, रोज रात्री, ओट्याशी उभी राहून:
दोन दहा. ओरडला.
दोन चाळीस. दार तपासलं.
तीन पाच. दार तपासलं.
तीन वीस. दार.
झोप एक तास पन्नास मिनिटं.
मंगळवार. वारा नव्हता, तरीही.
बुधवार. आंघोळ नाही, सोळावा दिवस.
एकशे चार रात्री, रबर लावून.

डॉक्टरांनी गठ्ठा घेतला, चष्मा वर केला.
“हेक, चौदा किलो,” त्यांनी वाचलं.
उलटा, म्हटलं.

ते वाचू लागले. दाराबाहेर
पुढचा पेशंट मुद्दाम खोकत होता.
चाळिसाव्या की पन्नासाव्या रात्रीवर बोट थांबलं,
आणि माझ्याकडे नाही, एलादिओकडे बघून त्यांनी विचारलं:
बोटीवर किती जण होतात?

दोन वर्षांत हे विमावाल्यांनी विचारलं होतं,
चौकशीच्या न्यायाधीशांनी, पाद्रीबुवांनी.
गळ्यात स्टेथोस्कोप असलेल्या कुणी नाही.

सहा, तो म्हणाला.
आणि मग, कुणी न विचारता:
पाण्यातून दोघं निघालो.
शुर्शोचा हात माझ्या हातात होता.
हातमोजा निघाला.

किन्तासांनी पेन खाली ठेवलं.
मग परत उचललं, कारण चिठ्ठी तर लिहायलाच हवी.
मानसोपचार, लुगो. तारीख नऊ महिन्यांनंतरची.
नऊ? म्हटलं मी, लिलावघरातल्या आवाजात,
इतका की बाहेरचा खोकला थांबला.
त्यांनी फोन लावला. बराच वेळ धरून बसले.
चार झाले.

चार महिनेही थोडे नाहीत.
मी पावत्यांचा नवा गठ्ठा आणून ठेवलाय.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना एलादिओ म्हणाला,
पोट दुखतंय.
माहीत आहे, म्हटलं,
आणि त्याची टोपी, खुर्चीवर विसरलेली,
आणायला परत वर गेले.