शून्य पूर्णांक सात

गाडी पंपावर लागली की मी आधी काच पुसते,
मग विचारते, काय भरू?
माणसं माझ्याकडे बघतात,
रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरकडे बघावं तशी.
तीन एकोणनव्वद भागिले पाच एकोणऐंशी.
शून्य पूर्णांक सदुसष्ट. सातच्या आत.
"ऊस भरा," मी सांगते.
बाकीचे आल्कोहोल म्हणतात, मी ऊसच म्हणते.
लिटरमागे गाडी कमी पळते, पैशामागे थोडी जास्त,
एवढंच गणित. सातवी नापासालाही जमतं.
मी सातवी नापास आहे.

रिबेइरांव प्रेतोच्या या रस्त्यावर
एप्रिल ते नोव्हेंबर हवेला पाकाचा वास.
तेवढे आठ महिने
क्लेउझाच्या दुकानातून बूट उधारीशिवाय जातात,
दाताचा डॉक्टर शनिवारीही बसतो,
आणि भाऊ व्हाल्देसिर दुमजली यंत्रात, गार हवेत,
एका रात्रीत ऐंशी माणसांचा फड कापतो,
चौघांचा पगार घेतो.
उरलेल्या शहात्तरांचं काय झालं
हे त्याला जेवताना विचारू नये.
मी एकदा विचारलं. घेवडा ताटात थंड झाला.

आई त्या ऐंशीतली.
तिच्या वेळी मुकादम लाकडी कंपास घेऊन यायचा,
टांगा टाकत फड मोजायचा.
मीटरचे टन कारखान्यात व्हायचे,
टनाचे पैसे मध्येच कुठेतरी.
भागाकार तिने कधी पाहिला नाही.
शनिवारी पाकिटात नुसतं उत्तर यायचं
आणि उत्तराशी भांडता येत नाही.

आता चिपाडाचीही वीज होते.
रस पिळून, पुन्हा पिळून, जे उरतं त्याची.
आमच्या गल्लीतला दिवा त्यावरच जळतो,
व्हाल्देसिर सांगत होता.
आई स्वतःच्या मनगटाकडे बघत म्हणाली,
"मग मला कधी नेताय बॉयलरला?"
आम्ही हसलो. तीही हसली,
मग बराच वेळ खोकली.
पेटवलेल्या फडांची काजळी
अजून आहे आत, तिचं काही झालं नाही.

जानेवारीत कारखाना गार.
चार एकोणतीस भागिले पाच एकोणऐंशी.
शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर.
टँकरवाला ओस्मारिनो, जन्मभर आल्कोहोल वाहिलेला,
स्वतःच्या लहान गाडीत पेट्रोल भरून घेतो.
"कारखान्यात बोलू नकोस हं."
मी पावती चार घड्या घालून देते.

घरी आई विचारते, "आज किती?"
"चौऱ्याहत्तर."
ती खिडकीबाहेर बघते. गुडघाभर झालाय.
"उतरेल," म्हणते, "तो वाढतोय ना."
आणि माझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण
वीजबिलाच्या पाठीमागे, पेन्सिलीने,
हातचा बाजूला लिहीत
ती स्वतः पुन्हा भागून बघते.