ताई कार्ड

कन्नडात तायी म्हणजे आई.
आम्ही निपाणीच्या विड्यावाल्या बायका
त्याला ताई कार्डच म्हणतो.
नर्सबाईनं आधी दोन-तीनदा सुधारलं,
आता तीही विचारते,
ताई कार्ड आणलंय काय गे?

नव्हतं आणलं.
सून माझी मुरगूडची, आधारवर अजून माहेरच.
खिडकीतला पोरगा तसा वाईट नव्हता.
डबा बाजूला सारून
त्यानं कागद उलटेपालटे केले,
म्हणाला, हे तिकडचं आहे.
मग म्हणाला, नाळे बा.

नाळे म्हणजे उद्या. ये उद्या.
चाळीस वर्षं ऐकतेय,
तरी मला नाळच ऐकू येते,
कुणीतरी पोटातल्या नाळेलाच हाक मारतंय
असं वाटतं.

मुरगूडला गेलो.
तिथली बाई मराठीत बोलली, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी:
लग्न होऊन गेलीय ना ही?
मग नाव तिकडं.
दोन गाड्या बदलायच्या वाटेत
माझी वैजंता दोन्हीकडून तिकडची झाली.

माझंही काय वेगळं आहे म्हणा.
विडी कामगाराच्या कार्डावर मी फुलव्वा,
रेशनवर फुलाबाई,
बँकेत नुसतीच फुला.
दवाखान्यात औषध मागायला गेलं
की म्हणतात, यातली नेमकी कोण?
तिघी मिळून एकच खोकला खोकतो, साहेब.

आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले.
जोडवी निघेनात, साबण लावून काढली.
रात्री दोनला शेजारच्या हसीनाच्या पोरानं
टेम्पोतली तंबाखूची पोती उतरवली,
त्याच वासात तिला झोपवून आणली.

नर्सबाईनं कार्ड विचारलंच नाही.
रक्तदाब बघितला आणि आत पळाली.
नंतर, सगळं झाल्यावर,
कोऱ्या पानावर लिहायला बसली. हेसरु?
वैजंता, म्हटलं.
ती अक्षरं मला येत नाहीत.
विडीचं तोंड मिटावं
तशी एकेक गोल मिटलेली.

मुलगी आहे. सव्वादोन किलो.
पैसे मिळतील म्हणे, कार्ड झाल्यावर.

काल दाखला आला.
जन्मगाव निपाणी.
हसीनाच्या पोरानं वाचून दाखवलं,
आईच्या नावात एक अक्षर जास्तीचं पडलंय.

हजार विड्या पुऱ्या व्हायच्यात अजून.
उद्या जाईन.