वीस मिनिटं

आयर्विन पुलाखाली पाणी अडतीस फुटांवर आलं
की गावभागातल्या आमच्या गल्लीत
आधी मोबाईल वाजतात, मग शटर, मग माणसं.
जिनमतीअक्का मगदूम तेव्हा
शिलाई मशीनचे दोन स्क्रू सैल करतात,
डोकं तेवढं काढून सतरंजीत गुंडाळतात.
दोन पातेली, तवा, पितळी डबा,
लुगडी तीन, अंगावरचं धरून चार.
फॉल लावायला आलेल्या साड्यांचं गाठोडं वेगळं,
प्रत्येक साडीला नावाची चिठ्ठी टाचलेली.
ते गाठोडं आधी वर जातं. मग त्यांचं स्वतःचं.
वीस मिनिटं.
मी घड्याळ लावून पाहिलंय.

उरलेली रात्र त्यांचे हात मोकळे.
त्या वर्षी त्याच हातांनी
आमचा फ्रीज जिन्याच्या वळणावर पेलून धरला.
"उजवीकडं घे रं. उजवं कळतंय न्हवं तुला?"
सोफा मात्र अडकला तो अडकलाच.
हप्त्यांवर घेतला होता, पाहुणे येतील म्हणून.
पाहुणे आले नाहीत.
पाणी आलं.

मग चिखल. भिंतीवर छातीइतकी रेघ.
आणि कागद घेऊन तलाठी.
मी टीव्ही लिहिला.
तो दिवाळीपासूनच बंद होता,
पण बुडाला तर होता ना?
शेजारच्यांनी दोन कपाटं लिहिली,
दुसरं कुठं होतं ते त्यांनाच ठाऊक.
अक्कांच्या दारात तलाठी म्हणाला, मशीन लिहू?
"मशीन वर हाय. चालतंय. दावू?"
बरं, जोंधळ्याचं पोतं?
"जोंधळं गेलं. पोतं न्हाई, अडीच किलो.
अडीच लिही."
अडीच किलोसाठी त्या कागदावर रकाना नव्हता.
त्यानं पेन दोनदा झटकलं
आणि पुढच्या घरी गेला.

गल्ली चिडली. मीही.
या एकट्याच शहाण्या! यांच्यामुळं आमचं खोटं ठरणार.
ठरलं काहीच नाही, पैसे सगळ्यांच्या खात्यावर आले,
तरी महिनाभर कुणी त्यांच्याकडं साडी टाकली नाही.
अक्का एका दुकानातून पोलक्यांना हुक लावायचं काम घेऊन आल्या,
शेकड्यावर.
दिवस मावळायच्या आत जेवायच्या,
दारातल्या उजेडात हुक लावायच्या,
उजेड संपला की दार लोटायच्या.
माझ्या बायकोनं विचारलं, कसं भागतं हो?
"भागतंय. पोटाला कमी लागतंय बघ,
म्हणून लोकांचा रुसवा परवडतोय."
आणि हसल्या, सुई ओठांत धरून.

नवा टीव्ही आला. मोठा.
आवाज मी आपोआपच बारीक ठेवू लागलो,
भिंत एकच आहे आमची.
पुढं कधीतरी बायकोची साडी घेऊन गेलो.
त्यांनी फॉल मापला, पैसे सांगितले,
वरचे पाच रुपये मोजून परत दिले
आणि विचारलं, "टीव्ही बरा दिसतोय का?"
एवढंच.
टोमणा होता की चौकशी,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
तोंडावर तर काहीच नव्हतं.

यंदा पुन्हा अडतीस.
सोफा मी मागंच विकून टाकलाय.
एक कपाट भाच्याला दिलं,
लग्नात आलेले स्टीलचे डबे,
ज्यांची झाकणंसुद्धा कधी उघडली नाहीत,
तेही वाटले.
तरी घड्याळ लावलं तर दीड तास.
मागच्या खेपेपेक्षा कमी, म्हणून मनातल्या मनात
थोडा खूशच होतो मी.
तेवढ्यात दारात अक्का.
पदर खोचलेला, हात रिकामे,
त्यांचं सगळं केव्हाच वर गेलेलं.
"पहिलं काय उचलू?" म्हणाल्या.

मी घरभर बघितलं.
बघतच राहिलो.