प्रदेशनिष्ठ

मर्ल क्रोवी अंगठ्यानं कुंडीत माती दाबते,
वांग्यात मसाला भरावा तशी.
सेंट हेलेनाच्या माथ्यावर धुकं
गुंडीच्या काजातून आत शिरतं.
‘एंडेमिक’ म्हणते ती,
शेजारणीचं आडनाव घ्यावं इतक्या सहज.
आज चाळीस एंडेमिक लावले. दोन गेले.

त्यातल्या एका झाडाचं नाव नर-कोबी, दुसऱ्याचं मादी-कोबी.
नवराबायको नव्हेत.
कोबीही नव्हेत, दोघंही सूर्यफुलाच्या गणगोतातले वृक्ष.
नावं ठेवणारा खलाशी बहुधा भुकेला होता.

रात्री मी शब्दाचं मूळ उकरलं.
ग्रीक आहे. एन म्हणजे आत, डेमोस म्हणजे लोक.
लोकांतला. गावीच असलेला,
परमुलखी न गेलेला माणूस.
मग वैद्यांनी तो उचलला
आणि गावात ठाण मांडलेल्या तापाला दिला.
तापाच्या अंगावरचा तोच कपडा
पुढं कुणीतरी झाडाला नेसवला.

पण इथं लोक होतेच कुठं?
पाचशे वर्षांमागं या बेटावर
‘लोकांतलं’ म्हणवणारी झाडं होती
आणि एकही माणूस नव्हता.
मग जहाजं आली. जहाजांतून बकऱ्या उतरल्या.
बकऱ्यांनी व्युत्पत्ती विचारली नाही.

आमच्या भाषेत याला प्रदेशनिष्ठ म्हणतात.
निष्ठा!
कसली निष्ठा?
कधीकाळी एक बी वाऱ्यावर आलं,
नाहीतर पाखराच्या चिखलट पायाला चिकटून.
परतीची सोय नव्हती.
मागं राहिलेले सगळे मेले,
किंवा हेच इतकं बदललं
की मामाच्या गावानंही ओळखलं नसतं.
त्याला आपण निष्ठा म्हणतो.

हे मर्लला सांगितलं.
ती बराच वेळ मुळं सोडवत राहिली.
मग म्हणाली, माझ्या पणजीच्या आईला
पकडलेल्या गुलामजहाजातून रूपर्ट्सच्या खोऱ्यात उतरवलं.
वहीत तिची उंची आहे, अंदाजे वय आहे,
आणि कारकुनाला त्या सकाळी सुचलेलं एक नाव.
कुठल्या किनाऱ्यावरची, ते नाही.

तिचा थोरला फॉकलंडला स्वयंपाकी,
धाकटा असेन्शनवर विमानतळाची गवतं कापतो.
‘इथून जातो ते आम्हीच.
हे बघ, हे कुठं जातंय?’

मग तू कोण, मी विचारलं. तू एंडेमिक का?
ती खो खो हसली.
‘मी तर आलेली, बाई.
पण आमच्यासारखं बोलतं का गं कुणी दुसरीकडं?
थोरला फोनवर बोलतो हल्ली, तर
निम्मं मलाच कळत नाही.’

आइस्क्रीमच्या काडीवर तिनं पेन्सिलीनं तारीख लिहिली,
पुसली, पुन्हा लिहिली.
गेलेल्या दोघांच्या कुंड्या उपड्या केल्या,
माती पुन्हा पाटीत.
‘ही राहू दे,’ म्हणाली,
‘हिला कुठं जायचंय.’