अर्धे दिवे

गुडघ्याएवढ्या उंचीवर बांध, आइदाय, त्याहून वर नको.
आपण उभ्यानं बघतो म्हणून कॅमेऱ्यानंही उभ्यानं बघावं
असं काही नाही.
वाटेला आडवा धरलास तर नुसती शेपटी मिळेल.
तिरपा लाव, म्हणजे जनावर चालत चालत तुझ्याकडे येईल.
तोंड उत्तरेला. समोरचं गवत उपटून टाक,
नाहीतर वाऱ्यानं हललेल्या एकाच काडीचे
चारशे फोटो बघत बसशील,
मी बसले तशी, पहिल्या हिवाळ्यात, चहा गार होईपर्यंत.
बॅटऱ्या लिथियमच्या. साध्या उणे वीसला मान टाकतात.

त्या वर्षी माझ्याकडे हिमबिबट्या नव्हता,
पांढरा डाग होता.
रात्रीचे दोन चौदा, आणि मधोमध
दूध उतू गेल्यासारखं काहीतरी.
मला वाटत राहिलं, उजेड कमी पडतोय.
तोक्तोसुन, ओढ्यापलीकडचा मेंढपाळ, फोटो बघून म्हणाला,
"इतक्या जवळून दिवा तोंडावर मारलास
तर मीसुद्धा पांढराच दिसेन."
घरी आले, दुखऱ्या गुडघ्याला लावायची चिकटपट्टी कापली
आणि अर्धे दिवे झाकले.

पुढच्या कार्डावर ससा आला, मिशा मोजून घ्याव्यात असा.
मग कोल्हा, कानातल्या चिरेसकट.
मग, तीन वाजून सात मिनिटांनी,
तोक्तोसुन.
खांद्यावर तारेचे फास. बारा. मोजता आले.
टोपीची फाटकी कानपट्टी नवरोजच्या आधी मीच शिवून दिली होती,
तो टाकाही दिसत होता.

खरं सांगते, पट्टी ओरबाडून काढावीशी वाटली.
डाग असता तर कुणीही असता,
खिंडीपलीकडचा कुणी, नाव नसलेला.

कचेरीत कळवायचं असतं. तुला तेच शिकवतील, आणि बरोबरच शिकवतील.
मी नारीनच्या बाजारात पासपोर्टचे फोटो काढणाऱ्याकडून
तो छापून घेतला,
आणि तोक्तोसुनच्या दस्तरखानावर, पावाशेजारी ठेवला.
त्यानं चष्मा शोधला. बराच वेळ बघितलं.
"इतक्या पिकल्या माझ्या मिशा?"
"त्या उजेडात सगळ्यांच्याच पिकतात."
झुमागुलनं मला चहा ओतला, अर्धीच वाटी,
पाहुण्यानं लवकर उठू नये म्हणून ओततात तसा.
मेंढ्यांबद्दल बोललो. लांडग्यांबद्दल. मुलाच्या बिश्केकमधल्या भाड्याबद्दल.
तारेबद्दल कुणीच नाही.

एप्रिलात माझ्या फाटकाला अकरा फास टांगलेले होते.
बारावा कुठं आहे, मी अजून विचारलेलं नाही.
म्हणून तर आज आपण इथे, या दगडापाशी.

काचेवर श्वास सोडू नकोस,
गोठला की रात्रभर नुसतं धुकं.
हातमोजा काढू नकोस.
पट्टी माझ्या खिशात आहे, घे,
आणि दातांनी तोड, कात्री मी विसरले.