कोळंबीची सालं

एकतीस वर्षं मी कोळंबी सोलली
खाडीकाठच्या निळ्या पत्र्याच्या कारखान्यात.
आधी हातांनी,
मग पट्ट्यापुढे उभी राहून, यंत्राच्या नजरेतून सुटलेलं
साल वेचत, बर्फाच्या पाण्यात बोटं घालून.
सालं मागच्या पाइपातून समुद्रात जायची.
सीगल त्यांच्यावर तुटून पडायचे,
आम्ही तेवढीही दखल घेत नव्हतो.

आता तीच सालं परत आलीयत
भुकटी होऊन, कॅप्सूलमध्ये शिरून.
बाटलीवर एक बाई डोंगर चढतेय.
गुडघे तिचेच असतील,
हसू मात्र भाड्याचं वाटतं.

औषधांच्या दुकानात हाफ्लिदी.
याची आई पट्ट्यावर माझ्या डाव्या हाताला उभी असायची,
हा पोटात असताना तिला सालांचा वास सोसत नव्हता.
मी बाटली पुढे केली, पैसे पुढे केले.
तो पैशांकडे बघेचना.
म्हणाला, "स्टेनव्होर, आणखी काय काय घेतेस?"

काही नाही, म्हटलं.
थोडी कॉफी. माशाचं तेल.
आणि ती रक्त पातळ करायची गोळी,
पण ती काय, ती आठ वर्षं चालूच आहे,
हृदयाच्या झडपेसाठी, मीठ घेतल्यासारखी.

त्यानं बाटली हळूच स्वतःकडे ओढली.
जसं लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी.
"नको म्हणत नाही मी," तो म्हणाला,
"आधी डॉक्टरांना विचार.
ही दोघं एकत्र आली तर
रक्त कधीकधी गोठायचं विसरतं."

पण हे तर नैसर्गिक आहे, मी म्हटलं.
"कोळंबीही नैसर्गिकच," तो म्हणाला,
"तुझ्या बहिणीला विचार."

आल्फहेदुर. माझ्या लग्नात
एकच कोळंबी खाल्ली तिनं, माझा मान ठेवायला,
आणि ओठ असे सुजले
की शुभेच्छांचं भाषण अर्धंच राहिलं.
जन्मभर लोकरीच्या दुकानात बसली मग.
बाटलीवर बारीक अक्षरात छापलं होतं कशापासून केलंय ते.
मला दिसलं नव्हतं. चष्मा घरी होता.

डॉक्टरीणबाई तरुण, दक्षिणेकडची, खरं बोलणारी.
म्हणाली, काहींना बरं वाटतं, काहींना काहीच नाही,
अभ्यास करणाऱ्यांचंच अजून पटत नाही आपसांत.
घ्यायचंच असेल तर रक्त तपासत राहू,
तीन महिन्यांत फरक नाही पडला तर सोडून दे,
उगाच दुकानाचं भाडं भरू नकोस.

मी घेतल्या. जेवणासोबत, सांगितल्या तेवढ्याच,
एक जास्त नाही,
आणि माझ्या स्वभावात एक जास्त घेणं आहे.
गुडघे? काय सांगू.
एका मंगळवारी जिना आखूड वाटला.
बुधवारी पुन्हा होता तेवढाच.

पाचव्या आठवड्यात दंडावर एक निळा डाग.
कुठे आपटल्याचं आठवेना.
फोन केला. त्याच दुपारी रक्त दिलं.
आकडा वर चढला होता,
बाटलीवरच्या त्या बाईसारखा.
थांबव, म्हणाली डॉक्टरीणबाई. मी थांबवलं.
डाग पिवळा पडत पडत गेला.

उरलेल्या समुद्रात ओतून टाकू का,
हाफ्लिदीला विचारलं.
"छे, इकडे आणून दे," तो म्हणाला.
मला हसूच आलं. एकतीस वर्षं
टनांनी ओतली, कुणी अडवलं नाही.

आता रोज संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात जाते.
भोवती बर्फ, वर वाफ,
पाण्यात गुडघ्यांना वजनच नसतं.
काल तिथे केतिलरिदुर सरकत सरकत जवळ आली,
कानाशी म्हणाली, त्या कॅप्सूल उरल्यात ना तुझ्याकडे?
मला दे, माझा खुबा फार बोलतो हल्ली.

मी तिच्याकडे पाहिलं. पापण्यांवर दव गोठलेलं.
विचारलं, "केतिलरिदुर,
आणखी काय काय घेतेस तू?"

काही नाही, ती म्हणाली.
थोडी कॉफी.