आसन क्रमांक नऊ

आमच्या शाखेचं नाव शिष्टाचार,
पत्ता जिल्हाधिकारी कचेरी, दुसरा मजला,
झेरॉक्सच्या मशीनला लागून.
तिथे मी एकवीस वर्षं
माणसांना खुर्च्या नेमून देते.

यजमानाच्या उजव्या हाताला पहिला मान,
डाव्या हाताला दुसरा.
राजदूतांत आधी कोण? ज्याने आधी ओळखपत्र दिलं तो.
देश केवढा, हे विचारायचं नाही.
नवरा-बायको शेजारी नकोत
(घरी बसतातच की, असं धायगुडेसाहेब म्हणायचे).
दुभाष्याची खुर्ची मागे, हातभर सरकवून,
आणि त्याला पान नाही.
हे शेवटचं मला अजून पटलेलं नाही.

गणेशखिंडीच्या त्या सरकारी बंगल्यात
त्या रात्री चौदा पानं होती.
आठ आणि दहा नंबरचे देश
तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.
समोरासमोर बसवावेत तर डोळ्याला डोळा,
शेजारी बसवावेत तर कोपराला कोपर.
म्हणून मध्ये, नवावर,
एका वाणिज्यदूताच्या सौभाग्यवती:
हसऱ्या, जराशा बहिऱ्या, दोघांनाही चालणाऱ्या.
पाच दिवस खोडरबर झिजवून मिळालेल्या.

साडेसातला लोहगावहून फोन:
बाई दिल्लीतच, धुक्यात.
म्हणजे तेरा.
पाहुण्यांचा सचिव पांढरा पडला,
तेरा त्यांच्यात चालत नाहीत.
आपलं तीन तिघाडा, तसंच असणार.
साहेब म्हणाले, "खळदकरबाई, बसा."

बाकीची नावं छापील, सोनेरी कडेची.
माझं मीच लिहिलं, बॉलपेनने,
उरलेल्या कार्डाच्या पाठीवर: वृंदा खळदकर.
हुद्द्याची ओळ कोरी.

खुर्ची कुणीतरी मागून सारली,
गुडघ्यांच्या लवणीत लागली.
एवढ्या वर्षांत कळलंच नव्हतं
या किती जड असतात.

सूप आलं.
आठ नंबर छताकडे पाहत होता,
दहा नंबर पावाकडे.
मग आठने चमचाभर घेतलं आणि थांबला.
मीठदाणी दहाच्या पुढ्यात.
हात लांबवावा तर माझ्यावरून,
मागावं तर बोलावं लागणार.

कुठल्याच पुस्तिकेत हे लिहिलेलं नाही.
पण ताट वाढायला मी आठव्या वर्षी शिकले.
आधी मीठ. वरती, मधोमध.
मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर,
उजवीकडे भाजी, आमटीची वाटी.
डाव्यांनी उजवीकडे वाहायचं नाही,
उजव्यांनी डावीकडे.
मीठ तेवढं कुणाच्याच बाजूचं नाही.

मी मीठदाणी उचलली,
माझ्या पानाच्या वर ठेवली, बरोबर मध्ये.
आठने घेतलं.
थोड्या वेळाने दहानेही,
नको असताना, माझी खात्री आहे.
बोलले नाहीत.
मागे दुभाषा उगाच खाकरला.
मी एक पाव नॅपकिनमध्ये गुंडाळून
खुर्चीखालून त्याच्याकडे सरकवला.

अकरा वाजता अहवाल लिहिला.
एकूण उपस्थिती: चौदा.
आसन क्रमांक नऊ: रिक्त.

विद्यापीठ चौकात रिक्षावाल्याने विचारलं, कुठे?
फुरसुंगी म्हटल्यावर म्हणाला,
हाफ रिटर्न पडेल.
पडू दे म्हटलं, आणि बसले,
मागच्या अख्ख्या सीटवर,
मधोमध.